जेनी हर्मोसोची ओळख तिच्या गोलांवरून व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्पेनची आघाडीपटू जेनिफर हर्मोसो हिचा उल्लेख आपल्या क्रीडा पानावर जेव्हा जेव्हा येतो, तेव्हा तिच्या नावामागे ‘चुंबन वादातील खेळाडू’ हे विशेषण हटकून जोडलेले असते. 2023 च्या विश्वचषकाच्या पदक वितरणात स्पेनच्या फुटबॉल महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांनी तिच्या संमतीविना तिचे चुंबन घेतले, त्याचा हा संदर्भ. (तिच्या देशात हे आडनाव ‘एर्मोसो’ असे उच्चारतात, पण आपल्याकडे हर्मोसो रुळले आहे, म्हणून मीही तेच वापरतो.) ज्या खेळाडूने स्पेनच्या महिला राष्ट्रीय संघासाठी आजवर सर्वाधिक गोल केले, पन्नासहून अधिक, तिची ओळख दुसऱ्या कोणी तिच्याशी केलेल्या वर्तनावरून करून द्यावी, हे मला खटकते. म्हणून हा पत्रप्रपंच.

हर्मोसोचा जन्म 1990 मध्ये माद्रिदचा. अ‍ॅटलेटिको माद्रिदमधून सुरुवात करून ती शहरातल्याच रायो व्हायेकानो संघात गेली आणि 2010-11 मध्ये तिथे तिने लीगचे विजेतेपद मिळवले. पुढे स्वीडनचा टायरेसो, मग बार्सिलोना, पॅरिस सेंट जर्मेन, एका मोसमापुरते पुन्हा अ‍ॅटलेटिको, पुन्हा बार्सिलोना आणि 2022 पासून मेक्सिकोत आधी पाचुका व नंतर टिग्रेस, असा तिचा प्रवास आहे. स्पॅनिश लीगमध्ये मोसमातील सर्वाधिक गोल करण्याचा मान तिला पाच वेळा मिळाला आणि त्यातल्या 2016-17 च्या एकाच मोसमात तिने 35 गोल केले. 2021 मध्ये गोथेनबर्ग येथे चेल्सीला 4-0 असे हरवून चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या बार्सिलोना संघात ती होती आणि त्या वर्षीच्या, जगातील सर्वोत्तम खेळाडूसाठीच्या बॅलन डी’ओर पुरस्कारात तिचा क्रमांक अ‍ॅलेक्सिया पुतेयासच्या खालोखाल दुसरा लागला. आघाडीपटू असूनही ती गोलसमोर चेंडूची वाट पाहत थांबत नाही. मागे उतरून मधल्या फळीत चेंडू घेते आणि बचावपटूंना तिच्यामागे जावे की जागा राखावी, अशा कोंडीत पकडते.

या आकड्यांइतकीच महत्त्वाची गोष्ट अशी की, यातील बहुतेक गोल तिने केले तेव्हा स्पेनमधील महिलांची लीग कायद्याच्या दृष्टीने व्यावसायिक नव्हतीच. नोव्हेंबर 2019 मध्ये तिथल्या खेळाडूंनी संप केला, त्यानंतर 2020 मध्ये पहिला सामूहिक वेतन करार झाला आणि वार्षिक किमान वेतन 16,000 युरो ठरले. लीगला व्यावसायिक दर्जा 2021 मध्ये मंजूर झाला आणि त्या दर्जाचा पहिला मोसम 2022-23 चा होता, म्हणजे हर्मोसो मेक्सिकोला निघून गेल्यानंतरचा. जी इमारत उभारण्यात तिच्या पिढीची उमेदीची वर्षे गेली, तिचा गृहप्रवेश मात्र तिच्या गैरहजेरीत झाला.

राष्ट्रीय संघाची कथाही याहून वेगळी नाही. महिलांच्या विश्वचषकाला स्पेन प्रथमच पात्र ठरला तो 2015 मध्ये, कॅनडात. तिथून साखळीतच परतल्यावर सर्व खेळाडूंनी मिळून, तब्बल 27 वर्षे प्रशिक्षकपदी असलेल्या इग्नासियो केरेदा यांना बदलण्याची जाहीर मागणी केली आणि ती मान्यही झाली. 2019 च्या विश्वचषकात रेम्स येथे अमेरिकेने स्पेनला 2-1 असे हरवले, पण त्या दिवशी स्पेनची बरोबरी साधून देणारा गोल हर्मोसोचा होता. 2023 च्या विश्वचषकात झांबियाविरुद्ध आपल्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्यात तिने दोन गोल केले, स्वित्झर्लंडविरुद्ध आणखी एक केला आणि स्पर्धेअखेर तिला रौप्य चेंडू, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाला.

20 ऑगस्ट 2023 रोजी सिडनीतील अंतिम सामन्यात ओल्गा कार्मोनाच्या गोलमुळे स्पेन 1-0 असा जिंकला. त्या सामन्यात हर्मोसोची पेनल्टी इंग्लंडची गोलरक्षक मेरी अर्प्स हिने अडवली होती, हे आज किती वाचकांना आठवते? एरवी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वाया गेलेल्या पेनल्टीवर वर्षानुवर्षे चर्चा चालते. पदक वितरणाच्या वेळी महासंघाचे अध्यक्ष लुईस रुबियालेस यांनी जे केले, त्यामुळे तिचे यश तर झाकोळलेच, पण तिच्या चुकीचा हिशेबही कुणी मांडला नाही. खेळाडू म्हणून टीका सोसण्याचा हक्कसुद्धा तिच्या वाट्याला आला नाही.

त्या प्रकरणाबद्दल लिहूच नये, असे माझे म्हणणे नाही. तक्रार तिने स्वतः दाखल केली आणि साक्षही स्वतः दिली. मात्र त्याला ‘वाद’ म्हणणे आता चुकीचे आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये माद्रिदच्या राष्ट्रीय न्यायालयाने रुबियालेस यांना लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवून 10,800 युरो दंड केला. हे चुंबन संमतीने होते असे तिने म्हणावे, यासाठी दबाव आणल्याच्या आरोपातून ते व इतर तिघे सुटले आणि त्याच वर्षी जूनमध्ये अपिलातही हा निकाल कायम राहिला. ज्यावर न्यायालयाचा निर्णय आला आहे, त्याला वाद म्हणून दोन्ही बाजू समान असल्याचा भास निर्माण करू नये. या गदारोळानंतर राष्ट्रीय संघात परतताच ऑक्टोबर 2023 मध्ये इटलीतील सालेर्नो येथे तिने शेवटच्या मिनिटांत सामन्यातला एकमेव गोल केला. ती बातमी आपल्या पानावर माझ्या नजरेस पडली नाही.

स्पेनचा महिला फुटबॉल आपल्याला अगदीच परका आहे, असेही नाही. 30 ऑक्टोबर 2022 रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि कोलंबियाला 1-0 असे हरवून स्पेनने तो जिंकला. त्याआधीचा उपांत्य सामना स्पेनने गोव्यात फातोर्ड्याला जिंकला होता. अंतिम सामन्याला मी प्रेक्षकांत होतो. त्या स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू विकी लोपेझ पुढे ज्येष्ठ संघातही पोहोचली. तिला ज्या लीगचा, ज्या वेतनाचा आणि ज्या प्रेक्षकांचा लाभ होतो आहे, त्यांच्यासाठी झगडणाऱ्या पिढीत हर्मोसो होती, एवढा संदर्भ आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी एखाद्या लेखात दिला, तरी नवी मुंबईतील मुली तो आवडीने वाचतील.

तूर्त विनंती लहानच आहे. पुढच्या वेळी हर्मोसोचे नाव छापताना त्यामागे ‘स्पेनची सर्वाधिक गोल करणारी आघाडीपटू’ एवढे शब्द लावावेत. शीर्षकात जागा कमी असेल, तर नुसते नाव चालेल.

आपला,
एक नियमित वाचक, नेरूळ