‘हे का लिहिले असेल?’ : रविवारच्या वाचनवर्गासाठी मदतीचे आवाहन

सर्व सभासद, वर्गणीदार, देणगीदार आणि गावाबाहेर गेलेल्या आपल्या माजी बालवाचकांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या बालविभागात दर रविवारी सकाळी भरणारा वाचनवर्ग आपणांस ठाऊक आहेच. तो जूनपासून पुढे चालू ठेवायचा, आणि मळ्यांतल्या जिल्हा परिषद शाळांपर्यंत न्यायचा, तर आता आपल्यापुढे हात पसरण्यावाचून गत्यंतर नाही. कार्यकारी मंडळाच्या सभेत तसे ठरले, म्हणून हे पत्र.

गोष्टी वाचून दाखवण्याचे उपक्रम पुष्कळ ठिकाणी चालतात आणि ते चालावेतच. आपल्या वर्गात मात्र त्यापुढची पायरी शिकवली जाते. समोरचा मजकूर लिहिणाऱ्याने तो कशासाठी लिहिला, हे मुलांनी स्वतः ओळखायचे. परीक्षेत ‘लेखकाचा हेतू’ विचारला की मुले ‘माहिती देणे’ असे लिहून मोकळी होतात. गाईडात तेच असते आणि गुणही मिळतात. बाईंनी ते उत्तर पहिल्याच महिन्यात बंद केले आणि फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. हे कोण बोलते आहे? कुणाशी बोलते आहे? वाचून झाल्यावर मी काय करावे असे त्याला वाटते? फळ्याचा तो कोपरा आजवर कुणी पुसलेला नाही.

बाई म्हणजे कोण, हे गावाला सांगायला नको. नाव छापायचे नाही अशी त्यांची ताकीद आहे, तिचा मान राखतो. पण निवृत्तीनंतर तालुक्याच्या शिकवणी वर्गांनी चांगल्या पैशांवर बोलावलेले असताना त्या एक रुपयाही न घेता आपल्याकडे आल्या, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. गुडघे दुखतात, तरी जिना चढून येतात. पाऊस असो वा लग्नसराई, वर्ग बुडालेला नाही.

वर्गात काय चालते याची कल्पना नसलेल्यांसाठी कांद्याच्या तासाचे सांगतो. आपला तालुका कांद्याचा, म्हणून बाईंनी मुलांपुढे चार कागद ठेवले. वर्तमानपत्रातली लिलावाच्या भावाची बातमी, कांदाचाळीत कांदा कसा साठवावा याचे सरकारी माहितीपत्रक, एका शेतकऱ्याने संपादकांना लिहिलेले पत्र, आणि ‘एकरी उत्पन्न दुप्पट’ असे ठळक छापलेले फवारणीच्या औषधाचे पत्रक. औषधाच्या पत्रकावर मुलांनी आधी ‘माहिती’ अशीच खूण केली होती, कारण त्यात आकडे होते, तक्ता होता. मग सहावीतली एक मुलगी म्हणाली, “फोटो शेतकऱ्याचा आहे, पण फोन नंबर दुकानाचा आहे.” त्यावर मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला की यात बाटलीची किंमत कुठेच दिलेली नाही. हा मुलगा वर्गात फारसा बोलत नाही. घरी फवारणीचा पंप तोच पाठीवर घेतो. लिहिलेले सगळेच वाचतात, पण न लिहिलेले त्याला दिसले! शेतकऱ्याच्या पत्रावर तर अर्धा तास वाद झाला. एकजण म्हणाला, तो भाव सांगतो आहे. दुसरी म्हणाली, नाही, तो रागावला आहे, आणि आपणही रागवावे असे त्याला वाटते. दोघेही बरोबर होते, आणि एका मजकुराचे दोन हेतू असू शकतात हे बाईंना वेगळे शिकवावे लागले नाही.

मोठ्या गटासाठी, म्हणजे आठवी-नववीसाठी, जुने मजकूर घेतो. ६ जानेवारीला पत्रकार दिनाच्या निमित्ताने बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’विषयी वाचले. १८३२ साली मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापणाऱ्या माणसाच्या मनात वाचक कोण असतील, यावर मुलांनी काढलेले तर्क मंडळाच्या सभासदांनीही ऐकावेत असे होते. मग मुक्ता साळवे. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मुलगी, आणि मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. वर्गातल्या मुलींना आपल्याच वयाची मुलगी लिहिते याचे नवल वाटले, पण बाईंनी नवलावर थांबू दिले नाही. ही नुसते दुःख सांगते आहे, की कुणाकडे जाब मागते आहे? ताराबाई शिंद्यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलने’चा (१८८२) तर आधी संदर्भच सांगावा लागला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर खटला झाला, त्यानंतर वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीला बोल लावले गेले, आणि बुलढाण्याच्या या बाईने त्याला उत्तर म्हणून पुस्तक लिहिले. ते कळल्यावर त्यातला आवाज इतका चढा का, हे मुलांना आपोआप उमगले. कुणाला उत्तर दिले आहे हे कळले की निम्मा हेतू कळतो, हे नववीतल्या मुलाचे वाक्य आम्ही कपाटावर लावून ठेवले आहे.

हे सारे कशासाठी, असे काही सभासदांनी विचारले. त्यांना एकच आठवण द्यावीशी वाटते. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आली आहे अशा अफवेवरून जमावाने भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मारून टाकले. ती अफवा मोबाईलवरून पसरत होती, आणि पुढे पाठवणाऱ्यांना अक्षरे वाचता येत होती. हे पाठवणारा कोण, आणि मी घाबरावे असे त्याला का वाटते, एवढे विचारायची सवय त्यांना कुणी लावलेली नव्हती. आपल्या मुलांच्या हातात आज तोच मोबाईल आहे.

आता ज्यांच्यामुळे हा वर्ग उभा राहिला त्यांचे ऋण. बाजार समितीतल्या अडत्यांनी पहिल्या वर्षीच्या झेरॉक्सचा सगळा खर्च उचलला आणि फलकावर नाव लावू दिले नाही. स्टँडवरचे पेपरवाले काका दर शनिवारी उरलेले अंक बांधून स्वतः आणून देतात, त्यांच्याशिवाय वर्गाला मजकूरच मिळाला नसता. वरच्या आळीतल्या दोघा भावांनी आईच्या स्मरणार्थ दोन लोखंडी कपाटे दिली. त्या माउलीला स्वतःला सहीपुरतेच लिहिता येत होते, पण नातवंडांकडून रोज पेपर वाचून घेत. मार्केटातले एक हमाल दर महिन्याला ५१ रुपये ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवून जातात, पावती घ्यायला थांबत नाहीत. २०२०च्या टाळेबंदीत सायकलवरून घरोघरी पुस्तके पोचवणारी आपली पोरे आज कॉलेजात आहेत आणि सुट्टीत येऊन लहान गट सांभाळतात. ज्या संस्थेला अशी माणसे लाभली तिने मान ताठ ठेवूनच मागावे, असे मी मानतो.

तरीही एक गोष्ट मनाला लागली आहे, ती लिहितो. मागच्या दिवाळीत हेच आवाहन गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकले होते. ‘स्तुत्य उपक्रम’ असे लिहिणारे पुष्कळ निघाले, पावतीपुस्तकाची पाने मात्र कोरीच राहिली. त्याच आठवड्यात गावात स्वागतकमानी उभ्या राहिल्या, त्यांना वर्गणी कमी पडली नाही. कमानींशी आमचे भांडण नाही. पण ज्या बालविभागात आपण बसून वाढलो, तिथे आपली मुले-नातवंडे येतात, त्याकडे एकदा तरी वळून पाहावे एवढी अपेक्षा चूक आहे का? ज्यांनी दिले त्यांना हा परिच्छेद लागू नाही.

खर्चाचे थोडक्यात. शासकीय अनुदानात वेतन, ग्रंथखरेदी आणि वीजबिल जेमतेम बसते, वर्गासाठी काही उरत नाही. मजकूरसंच, झेरॉक्स, पाट्या-खडू व मळ्यांतल्या शाळांत जाणाऱ्या दोन ताईंचे मानधन व प्रवास धरून वर्षाला ७२,००० रुपये लागतात, त्यांपैकी १८,००० जमा आहेत. एका मुलाच्या वर्षाच्या संचाचे ३०० रुपये. एका शाळेचा वर्षाचा खर्च ९,००० रुपये, तो कुटुंबाने वा मित्रमंडळाने मिळून उचलावा. शाळा सुरू होण्याआधी छपाई व्हायला हवी, म्हणून रक्कम १५ मेपर्यंत यावी. रोख अथवा वाचनालयाच्या नावाचा धनादेश सायं. ५ ते ८ या वेळेत ग्रंथपालांकडे द्यावा (सोमवारी सुट्टी), पावती घ्यावी. बाहेरगावच्यांनी खाते क्रमांक ग्रंथपालांकडून मागवून घ्यावा, कुणी फॉरवर्ड केलेल्या क्रमांकावर पैसे पाठवू नयेत. पैसे शक्य नसतील त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा, मुलांसोबत बसायला माणसे कमी पडतात. हिशेब वार्षिक सभेत मांडला जाईल, आधी पाहायचा असल्यास केव्हाही यावे.

आपला नम्र,
कार्यवाह
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)

ता. क. औषधांची, बियाण्यांची, शिकवणी वर्गांची पत्रके, निवडणुकीतले जाहीरनामे, जुन्या लग्नपत्रिका, काहीही छापील असेल तर रद्दीत घालू नये. प्रवेशद्वाराशी खोके ठेवले आहे, त्यात टाकावे. इंग्रजी व हिंदी मजकूरही चालेल.