सूचना : गोदी-वस्तीच्या आठवणी गोळा करण्याविषयी

सभासदांनो, जुने फोटो देताना मागच्या बाजूला नावे आणि अंदाजे साल पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढे उमटतात.

संपाचा इतिहास पुस्तकांत मिळतो. लंडनच्या गोदी कामगारांनी १८८९ मध्ये तासाला सहा पेन्स मजुरीसाठी संप केला आणि ती मिळवली, हे कुणीही सांगेल. आपल्याला हवे आहे ते घरातले : सकाळी फाटकावर माणसे निवडताना कोण डावलले जाई, रिकाम्या हाताने परतलेल्याच्या घरी उधारी कोण देई, पोती ओढायचा आकडा कुठे टांगलेला असे. बायकांना जरूर विचारा, त्यांना जास्त आठवते! कंटेनर आल्यावर गोदीतल्या मजुरांच्या टोळ्या मोडल्या, सांगणारे थोडेच उरलेत. तेव्हा रेकॉर्डिंग आधी, टंकलेखन सवडीने.