१२ नंबरच्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. आमच्या मेसमध्ये तसंही ते कुणी घेत नसे. आईच्या वहीत तुम्ही '१२ नंबर, तिखट कमी, पोळ्या चार'. नारायण पेठेतल्या त्या अडीच टेबलांच्या खोलीत (तिसऱ्याचा एक पाय विटेवर होता, आठवतंय ना?) तुम्ही माझ्यासाठी एक अख्खी संध्याकाळ घालवलीत. त्याचे आभार तेव्हा मानायचे राहूनच गेले.

झालं असं, की डब्यांच्या ऑर्डरसाठी मी आईला ॲप करून दिलं होतं. ऑर्डर यायची, पण यादीत दिसायची नाही. मोबाइल आडवा करून पुन्हा उभा केला की दिसायची. मग मी आईलाच तशी सवय लावली. कणकेच्या हातांनी ती थर्मामीटर झटकावा तसा मोबाइल झटकायची. पानावर बसल्या बसल्या तुम्ही ते पाहिलंत आणि विचारलंत, "काकू, त्या मोबाइलला ताप आलाय का?"

मी लाजेने अर्धमेली झाले.

हात धुऊन तुम्ही माझा लॅपटॉप पुढ्यात ओढलात. मी शिकले होते जुन्या व्हिडिओंवरून. त्या पद्धतीत यादीत भर घालायची आणि मग ॲडाप्टरला (यादी स्क्रीनवर मांडणारा मधला दुवा) 'माहिती बदलली' असं आपणच कळवायचं. ॲप मात्र मी केलं होतं जेटपॅक कंपोझमध्ये, म्हणजे अँड्रॉइड ॲपची स्क्रीन बांधायच्या गूगलच्या साधनात, ज्याची पहिली स्थिर आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली. तिथे असं कळवायला कुणी नसतंच. म्युटेबल स्टेटमध्ये (कंपोझ ज्यावर नजर ठेवतं त्या कप्प्यात) ठेवलेली माहिती बदलली, की ती जिथे जिथे वाचली गेली तेवढा भाग कंपोझ आपणहून पुन्हा काढतं. मग माझं का अडलं? मी स्टेटमध्ये साधी यादी ठेवून तिच्या पोटात ऑर्डर कोंबत होते. पोट वाढलं, पण यादी तीच. वर शहाणपणा म्हणून तीच यादी पुन्हा स्टेटला बसवूनही पाहिली होती. जुनी आणि नवी यादी ताडून पाहिली तर दोन्ही सारख्याच, मग कंपोझ कशाला हलेल!

तुम्ही व्याख्या सांगितली नाहीत. भिंतीवरच्या फळ्याकडे बोट दाखवलंत. "हा फळा लिहिणाऱ्या पोराला तू भाजीची चिठ्ठी दिलीस. नंतर त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर गुपचूप 'भरली वांगी' खरडलंस. त्याला कसं कळणार? नवी चिठ्ठी हातात दे की." मग जुनी यादी अधिक नवी ऑर्डर अशी नवीकोरी यादी करून तुम्ही ती स्टेटला दिलीत. बदल एका ओळीचा. तुमच्या मोबाइलवरून 'डबा १' पाठवलात आणि आईचा मोबाइल न झटकता ओळ उमटली. आडवा केल्यावर का दिसायचं, तेही तेव्हा उमगलं: स्क्रीनच नव्याने उभी राहायची आणि व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीन गेली तरी माहिती सांभाळणारा भाग) साठलेलं सगळं वाचून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी नवाच घोळ. पैसे दिल्याची खूण ७ नंबरवर केलेली, वरून नवी ऑर्डर आली आणि खूण सरकून भलत्याच नावापुढे. ज्याने पैसे दिले त्याच्याकडेच आईने पुन्हा मागितले, तोही पेठेतलाच, मग काय विचारता. खूण मी ओळीतल्या रिमेंबरमध्ये (स्क्रीनची तात्पुरती आठवण) ठेवली होती आणि ओळींना 'की', म्हणजे प्रत्येकीची स्वतःची ओळख, दिलीच नव्हती. 'की' नसली तर लेझी कॉलमच्या, म्हणजे यादी दाखवणाऱ्या भागाच्या, लेखी ओळ म्हणजे तिची जागा, त्यामुळे माणसं खाली सरकली तरी खूण आपल्या जागी बसून. "पैसे ऑर्डरने दिलेत की ओळीने?" एवढंच तुम्ही जेवता जेवता विचारलंत आणि ताकाची वाटी तोंडाला लावलीत. उत्तर मलाच शोधायला लावलंत याचा तेव्हा राग आला होता, खरं सांगते. रात्री खूण ऑर्डरच्या माहितीतच ठेवली आणि 'की' म्हणून ऑर्डरचा क्रमांक दिला. मोबाइल आडवा केला की खुणा पुसतात, ही आईची जुनी तक्रारही त्यासरशी मिटली. मी ती 'मोबाइल जुना झालाय' म्हणून उडवून लावली होती.

आता बटण दाबलं की मी बेरीज, आकडा, ओळ अशा तीन ठिकाणी हात घालत नाही. घडलेली गोष्ट वर व्ह्यूमॉडेलला कळवते. स्टेट तिथेच बदलते आणि स्क्रीन तिच्यावरून आपली आपण निघते. गेल्या महिन्यात मुलाखतीत नेमकं हेच विचारलं. मी फळ्याची गोष्ट सांगितली. नोकरी लागली, बाणेरला.

तुम्ही पुणं सोडलंत ते महिन्याच्या मधेच. तुमच्या ओळीपुढे अजून 'शिल्लक डबे ४' दिसतं. आई म्हणते, येईल तेव्हा कमी तिखटाचं वेगळं काढून ठेवीन.

तुमची,
काउंटरवरची पोरगी