ताटात डोकावू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत गणपतीच्या आधी वजन कसं उतरवावं यावर अर्धं पान मजकूर आला आहे. किती दिवसांत किती किलो, ते मथळ्यातच आहे. त्याच पानावर खाली आमच्या भागातल्या एका मंडळाच्या मोदक खाण्याच्या स्पर्धेची बातमी. म्हणजे आधी पंधरा दिवस उपाशी राहायचं आणि मग एका बैठकीत एकवीस मोदक हाणायचे. एरवी मी हसून पान उलटलं असतं. पण ते पान माझ्या मुलीच्या हाती लागायच्या आत मला रद्दीत खुपसावं लागलं, म्हणून हे पत्र.

मी सदाशिव पेठेत खानावळ चालवते. सव्वीस वर्षं झाली. एमपीएससीची मुलं-मुली जास्त, थोडे नोकरीवाले. दोन वेळच्या मिळून पाचशेच्या आसपास पोळ्या होतात, रविवारी दुपारी फिस्ट, संध्याकाळी बंद. कोण किती दिवस जेवायला आलं नाही त्या खाड्यांची वही माझ्याकडे असते. त्या वहीवरून कुणाला ताप आलाय, कुणाची पूर्वपरीक्षा गेली, कुणाचं कुणाशी फाटलं, हे मला सगळ्यांच्या आधी कळतं, अशी माझी फार घमेंड होती. पोटच्या पोरीचे खाडे मात्र मला दीड वर्ष दिसले नाहीत.

2020 च्या मार्चमध्ये खानावळ बंद पडली, मुलं आपापल्या गावी गेली. लेक तेव्हा बारावीत जाणार होती. घरात बसून ती मोबाइलवर बघून व्यायाम करायला लागली. आम्हाला बरंच वाटलं. मग संकष्टी धरली. मग सोमवार, मग गुरुवार, मग दोन्ही एकादशा. आपल्याकडे उपवास करणाऱ्याला कुणी ‘का’ म्हणून विचारत नाही. वन्सं तर मला म्हणाल्या, ‘‘हल्लीच्या मुलींमध्ये हे राहिलंय कुठे? नशीबवान आहेस.’’ 2021 च्या नवरात्रात तिने नऊ दिवस जवळपास पाण्यावर काढले आणि बिल्डिंगमधल्या बायका तिच्या पाया पडायच्या बाकी राहिल्या.

खानावळ पुन्हा सुरू झाली तेव्हा तर तिचा उत्साह बघून घ्यावा. परातभर कणीक मळायची, नवीन भाज्या सुचवायची, रात्री बाराला पदार्थांचे व्हिडिओ बघत बसायची. मुलांना आग्रह करकरून चौथी पोळी वाढायची. स्वतः कधी जेवली विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘‘वाढता वाढता खाल्लं, आई.’’ एकदा समोर बसवलं तेव्हा तिने पोळीवरचं तूप कागदी रुमालाने टिपून काढलं आणि पोळीचे चिंचोक्याएवढे तुकडे करून ताटाच्या कडेने मांडत राहिली. चाळीस मिनिटं. त्यातले सहा-सात पोटात गेले असतील. मी ओरडले. त्या दिवसापासून ती माझ्यासमोर बसेनाशी झाली.

‘मी जाड दिसते म्हणून खात नाही’ असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणायची, पोट गच्च वाटतं, जागाच नाही. म्हणून आम्ही पोटाचे डॉक्टर केले. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, टॉनिक झालं, दुर्बीण घालून तपासणी झाली, सगळं नॉर्मल. पाळी बंद झाली ती ‘अभ्यासाच्या ताणाने’. एप्रिलात ती स्वेटर घालत होती, हातांवर बारीक लव आली होती, न्हाणीघरात केसांचे पुंजके. हे सगळं एका माळेचे मणी आहेत हे कुणीच सांगितलं नाही. शेवटी एक दिवस आमटीचं पातेलं घेऊन येताना ती चक्कर येऊन पडली आणि रुग्णालयात नाडी इतकी मंद निघाली, पोटॅशियम इतकं उतरलेलं, की तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी थेट मानसोपचारतज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सांगितलं : अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे माणूस स्वतःला उपाशी ठेवत जातो असा मनाचा आजार. मनाच्या ज्या आजारांत जीव जाण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आहे, त्यांतला हा एक. आमचे हे नुसतेच म्हणत राहिले, ‘‘अहो डॉक्टर, आमची खानावळ आहे.’’

तिचं वजन किती झालं होतं ते मी लिहीत नाही. या आजारातली मुलं असे आकडे शोधून वाचतात आणि मनातल्या मनात त्यांच्याशी शर्यत लावतात. आपल्या पुरवणीतल्या मथळ्याबद्दल माझी तक्रार आहे ती हीच.

डॉक्टरांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली, ती मी नंतर कितीतरी जणांना सांगितली. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धामुळे युरोपात उपासमार चालली होती, अशा माणसांना पुन्हा कसं जेवू घालायचं हे शिकायला. ते तरुण स्वतःच्या मर्जीने आले होते, डोक्याने शाबूत होते. काही आठवड्यांत त्यांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागला, एवढंसं जेवण पुरवून पुरवून खाऊ लागले, सतत थंडी, चिडचिड, माणसं नकोशी. ऐकताना मला माझी रात्री बाराला व्हिडिओ बघणारी मुलगी दिसत होती. ती नाटकं करत नव्हती आणि माझ्यावर राग काढत नव्हती. उपाशी मेंदू असाच वागतो. मी तिला ‘हट्टी’ म्हणणं त्या दिवशी बंद केलं.

माझा दुसरा गाढवपणा सांगते. निदान झाल्यावर माझ्या डोक्यात आलं, आता आठ दिवसांत शिरा, तूप-भात, डिंकाचे लाडू घालून पोर उभी करते. डॉक्टरांनी अक्षरशः हात जोडले. फार दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फेट झपकन उतरतं, हृदय बंद पडू शकतं; दुसऱ्या महायुद्धातून सुटलेले कैदी भरल्या ताटावर असे गेलेले आहेत. म्हणून सुरुवातीला अगदी मोजकं, आणि सारख्या रक्ताच्या तपासण्या. सव्वीस वर्षं माणसं जेवू घालणाऱ्या बाईला जेवायला कसं घालायचं ते रुग्णालयात शिकावं लागलं.

घरी आल्यावर खरी परीक्षा. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात 1980 च्या दशकात एक पद्धत तयार झाली. तिच्यात आई-वडिलांना दोष देत नाहीत, उलट जेवणाची सूत्रं काही काळ त्यांच्या हाती देतात. ती मुख्यतः अठराच्या आतल्या मुलांसाठी. आमची एकोणीसची, म्हणून आधी तिच्याशी बोलून, तिला पटवून सगळं ठरलं. दिवसातून सहा वेळा खाणं. काय आणि किती, हे आहारतज्ज्ञ आणि मी ठरवणार, तिने त्यावर वाद घालायचा नाही. मी आग्रह करायचा नाही, रागवायचं नाही, आणि उठायचंही नाही. जेवणानंतर तासभर तिला एकटं सोडायचं नाही. तो तास आम्ही मेथी निवडण्यात घालवायचो, नाहीतर बदाम सात. त्या वर्षी आमच्या खानावळीत आठवड्यातून चार दिवस मेथी होती, मुलं कंटाळली होती, पण कुणी तोंडातून शब्द काढला नाही.

पोळ्या लाटणाऱ्या मावशी आहेत आमच्याकडे, पर्वतीच्या पायथ्याशी राहतात. त्यांना आजाराचं नावसुद्धा उच्चारता येत नाही. त्या आपलं ताट घेऊन लेकीशेजारी बसायच्या, स्वतःचं जेवायच्या आणि वस्तीतल्या नळावरची भांडणं सांगायच्या. तिच्या ताटाकडे एकदाही बघायच्या नाहीत. परभणीचा एक मुलगा समोर बसून आयपीएलचे आकडे पाठ म्हणून दाखवायचा. लेकीला क्रिकेटमधलं काही कळत नाही. पण त्या दोघांच्या मधे बसून तिचं ताट तासाभरात संपायला लागलं, जे माझ्यासमोर दीड तासात संपत नव्हतं.

आणि मग वर्षभराच्या मेहनतीवर एका वाक्याने पाणी पडलं. हळदीकुंकवाला आलेल्या एक बाई तिचा गाल ओढून म्हणाल्या, ‘‘वा! आता कशी भरलीस! तब्येत सुधारली हो.’’ मनाने चांगल्याच आहेत त्या. पण त्यांनी जे कौतुक म्हणून म्हटलं ते हिला ‘जाड झालीस’ असं ऐकू आलं, आणि तीन दिवस आम्ही पुन्हा मऊ भाताच्या चार चमच्यांवर. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हेही तसंच. पुण्यात माणूस भेटला की ‘नमस्कार’च्या आधी तब्येतीवर शेरा. तो शेरा चांगला की वाईट याने काही फरक पडत नाही. हे दोन वर्षांपूर्वी कुणी मला सांगितलं असतं तर मीच म्हटलं असतं, काय हे नखरे.

आमच्या खानावळीत पूर्वी एक पाटी होती : ‘ताटात अन्न टाकल्यास दहा रुपये दंड होईल.’ ती मी काढली. तिच्या जागी यजमानांनी स्वतः रंगवून दुसरी लावली : ‘येथे दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये. कोणाच्याही वजनाची चौकशी करू नये. स्वतःच्या आमटीकडे लक्ष द्यावे. – हुकुमावरून.’ लोक फोटो काढतात, हसतात. हसू देत.

त्या पाटीने एक भलतंच काम केलं. पोलीस भरतीची तयारी करणारा, व्यायामशाळेत जाणारा एक मुलगा महिनाभर ती वाचत होता. एके रात्री भांडी घासायची वेळ झाली तरी रेंगाळला आणि म्हणाला, ‘‘काकू, मला पण काहीतरी आहे.’’ दिवसभर कडक पथ्य, रात्री बाहेर जाऊन मिळेल ते खायचं, मग तोंडात बोटं घालून ओकायचं. अंगाने चांगला दणकट, कुणाला शंका येणार? शंका आली होती ती दातांच्या डॉक्टरांना, कारण उलटीतल्या आम्लाने पुढचे दात आतून झिजले होते. या आजाराला बुलिमिया म्हणतात हे मला तोवर माहीत झालं होतं, म्हणून निदान मी त्याला ‘असं करू नये हं’ म्हणून वाटेला लावलं नाही. टेलि-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक दिला. तो फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तिथून पुढे तो उपचाराला लागला.

संपादक महाराज, पुण्यात व्यसन सोडणाऱ्यांसाठी मुक्तांगण आहे, 1986 पासून. तिथे घरच्यांनाही धरून बसवतात, शिकवतात. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी स्वमदत गट आहेत. आम्ही शोधत होतो तेव्हा जेवणाच्या आजारातून उठणाऱ्यांचा आणि त्यांच्या आयांचा असा गट आम्हाला सापडला नाही. दारू सोडलेल्याच्या घरात बाटली ठेवू नका असं सांगता येतं. आमच्या मुलांना रोज त्याच ताटासमोर बसावं लागतं, तेही सणावारांच्या गावात. म्हणून मंगळवारी दुपारी तीन ते पाच, खानावळ रिकामी असते तेव्हा, आम्ही चार घरं जमतो. उपचार नाही करत, तो डॉक्टरांचा प्रांत. चहा आणि सोबत काहीतरी, सगळ्यांनी खायचं, शरीराबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मागच्या मंगळवारी दोन तास पार्किंगच्या भांडणावर गेले. (विम्याचं मात्र जरूर बोलतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजारालाही द्यावा लागतो. आम्हाला ते निम्मे पैसे भरून झाल्यावर कळलं.)

आपल्याकडे मागणी एवढीच की वजनाचे आकडे मथळ्यात नकोत, आणि असा मजकूर छापलाच तर शेजारी 14416 छापा. मंडळांनी मोदकाची स्पर्धा खुशाल घ्यावी. पण प्रसाद वाटताना जो ‘नको’ म्हणेल त्याला कारण विचारू नये, आणि जो दोन घेईल त्यालाही नाही.

माझं आणि खानावळीचं नाव छापू नये. पाटीवरून ओळखणारे ओळखतीलच.

लेक आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. डॉक्टर अजून महिन्यातून एकदा बोलावतात, मधे चार वाईट दिवस येतात, जातात. यंदा गौरीच्या जेवणाचं पुरण मी वाटते म्हणाली आहे. पाट्यावर वाटणार आहे, मिक्सरमधलं तिला आवडत नाही. पुरणपोळी खाणार का, ते मी विचारलेलं नाही. मावशींनी तिच्या शेजारचा पाट आत्ताच धरून ठेवला आहे.

आपली,
एक खानावळवाली,
सदाशिव पेठ, पुणे