एकतीस वेळा ‘कुळ’

आदरणीय सर,

तुमच्या मुलीचा मेल परवा आला. तुम्ही एडिनबरा सोडून स्कॉटलंडच्या लुईस बेटावर जुन्या घरी परत गेलात, आता वाचता येत नाही एवढी नजर गेली आहे, असं तिनं लिहिलं आहे. शेवटी एक ओळ होती. बाबा विचारत होते, ती ‘कुळ’वाली मुलगी काय करते? ती ओळ वाचली आणि मी अलिबाग कोर्टाच्या पायरीवर बसकण मारली. वीस वर्षं झाली, सर. तुम्हाला शब्द आठवतो.

म्हणून हे पत्र, आणि तेही मराठीत. तुम्हाला ते कळणार नाही हे मला माहीत आहे, पण कळत नसताना ऐकून घेणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. शिवाय मला ते चारचौघांत लिहायचं आहे. माझ्या कॉलेजातल्या लोकांनीही वाचावं असं मनात आहे, खोटं कशाला बोलू?

त्या कॉलेजात तोंडी परीक्षेला मी अडखळले, मध्येच एक वाक्य मराठीत गेलं. समोरचे गुरुजी शेजाऱ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “मराठीतच बोलायचं तर गावाला जाऊन शेती कर.” शेती करणं ही त्यांच्या लेखी शिक्षा होती. माझ्या आजोबांनी ती जन्मभर केली, आधी खोताचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं, कूळ म्हणून, त्याची जमीन भाड्यानं कसत, आणि मग मालक म्हणून. त्या दिवसानंतर मी वर्गात तोंड उघडलं नाही. पुढची तीन वर्षं नोट्स पाठ करून पास झाले. कुणी विचारलंही नाही, ही मुलगी बोलत का नाही.

स्कॉलरशिप मिळाली ती मार्कांवर. २००४च्या सप्टेंबरात एडिनबराला आले तेव्हा गप्प बसायची सवय अंगात मुरलेली होती.

तुम्ही जमिनीचा कायदा शिकवायचात. पहिल्याच तासाला सांगितलंत, मी क्रॉफ्टरचा, म्हणजे जमीनदाराचा तुकडा कसणाऱ्या छोट्या शेतकऱ्याचा मुलगा, घरी फक्त गेलिक, आमची बोलीभाषा. शाळेत मात्र सगळं इंग्रजी. नऊ वर्षांचे असताना जमीनदाराच्या कचेरीतून आलेली खंडाची, म्हणजे जमिनीच्या भाड्याची, पत्रं वडिलांना तुम्ही वाचून दाखवायचात आणि वडील विचारायचे, “म्हणजे आपण राहायचं की जायचं?” त्या प्रश्नापायी मी वकील झालो, म्हणालात. मग इन्व्हरनेसला सहा वर्षं वकिली आणि नंतर सगळी हयात शिकवण्यात.

त्या वर्षीचा २८ नोव्हेंबर मी विसरणार नाही. राजा सगळ्यांत वर, त्याखाली जमीनदार, त्याखाली आणखी जमीनदार, अशी शेकडो वर्षांची सरंजामी मालकी स्कॉटलंडमध्ये त्या दिवशी कायद्यानं संपली. दिवस रविवारचा. लुईसची माणसं रविवार देवाचा मानतात, त्या दिवशी काही करत नाहीत, म्हणून तुम्ही सोमवारी वर्गात आलात, पिवळ्या पडलेल्या नोट्सचा गठ्ठा टेबलावर आपटलात आणि म्हणालात, “आयुष्यभर हे शिकवलं. कालपासून हा इतिहास झाला. देवाची कृपा!” आपलीच विद्या कालबाह्य झाली म्हणून डोळे भरून आलेला मास्तर मी दुसरा पाहिलेला नाही.

माझा निबंध तुमच्या क्रॉफ्टरांवर आणि आमच्या कुळांवर होता. विषय तुम्हीच सुचवला होतात. १८८२ साली स्काय बेटावर ब्रेजच्या बायकांनी पोलिसांवर दगड टाकले आणि चार वर्षांत, १८८६ला, क्रॉफ्टरांचा कायदा आला. खंड वेळेवर दिला की उठवता येणार नाही आणि वाजवी खंड किती ते कमिशन ठरवणार. आमच्याकडे अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी संप करून १९३३पासून सहा वर्षं खोतांची जमीन पडीक ठेवली, लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. बाबासाहेबांनी १९३७ला मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं. १९४८चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनी कसणारा मालक मानला गेला. आजोबांचं नाव सातबाऱ्यावर लागलं ते त्यातूनच. चरी आमच्या घरापासून फार लांब नाही, सर. हे सगळं मी चुलीपाशी बसून ऐकलेलं.

आणि निबंध मात्र मेलेला. इंग्रजीत लिहिताना पाठ केलेली वाक्यं तेवढी उतरली होती.

तुम्ही तो वाचून मला खोलीत बोलावलंत. आता घालवून देणार, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही काही बोलला नाहीत. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलंत. एक कोरा कागद ओढलात, पेन्सिल घेतलीत आणि म्हणालात, “हे सगळं मला तुझ्या भाषेत सांग.”

मी म्हटलं, तुम्हाला कळणार नाही.

“तुला कळेल,” तुम्ही म्हणालात.

सुरुवातीला आवाज फुटेना. मग सुटलेच. आजोबा, खोत, संप, खंड, तलाठी, सगळं. किती वेळ बोलले कोण जाणे. तुमची नजर माझ्यावर आणि हात कागदावर. हे काय लिहितायत, असं मध्येच वाटून गेलं, पण थांबले नाही.

संपल्यावर तुम्ही कागद माझ्याकडे फिरवलात. त्यावर नुसत्या काड्या होत्या. चार उभ्या, पाचवी आडवी, असे गठ्ठे. “‘कुळ’ हा शब्द तू एकतीस वेळा उच्चारलास,” तुम्ही म्हणालात. तुमच्या तोंडी तो ‘कूल’ असा आला. मग कागदाच्या तळाच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलंत. “शेवटी शेवटी मात्र बराच वेळ तो आलाच नाही. आणि तेव्हाच तुझा आवाज खाली गेला. तेव्हा तू कुणाबद्दल बोलत होतीस?”

सर, तेव्हा मी कातकरी आदिवासींबद्दल बोलत होते. आमच्याच शेतात माझ्या आजीच्या शेजारी वाकून लावणी करणाऱ्या बायकांबद्दल. आजोबा मालक झाले आणि त्या होत्या तिथंच राहिल्या. कुळ म्हणून त्यांची कुठं नोंद नव्हती, मग कायदा त्यांना देणार काय? मराठीत बोलताना त्या आपसूक आल्या. इंग्रजी निबंधात त्यांच्यावर एक ओळ नव्हती.

तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात, “आमच्याकडे त्यांना कॉटर म्हणत. जमीन नसलेले. १८८६च्या कायद्यानं त्यांना जवळजवळ काहीच दिलं नाही. आम्ही गाणी क्रॉफ्टरांची गातो. तुझा निबंध इथून सुरू होतो, जा लिही.”

मी पुन्हा लिहिला. त्याला मार्क किती पडले ते महत्त्वाचं नाही. त्या रात्री हॉस्टेलवर मी इतकी रडले की शेजारच्या खोलीतली मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन आली. तिला वाटलं, घरी कुणी गेलं. कुणी गेलं नव्हतं, सर. उलट तोंडी परीक्षेच्या त्या खोलीत मुकी झालेली एक मुलगी परत आली होती.

तुम्ही नावानं हाक मार म्हणायचात. तिथली पद्धतच ती. मला ते जमलं नाही, आताही जमणार नाही. आमच्याकडे ‘सर’ कुणालाही म्हणतात, ज्यांनी मला हसून काढलं त्यांनाही मी सरच म्हणत होते. तो शब्द तुमच्यासाठी वापरताना तेवढा मला खरा वाटतो.

काय करते म्हणून विचारलंत ना? अलिबागला वकिली करते. कुळकायद्याच्या केसेस अजून आहेतच, मुलं-नातवंडं भांडतात. पण निम्मा वेळ वाड्यांवर जातो. २००६च्या कायद्याखालचे कातकऱ्यांचे वनहक्काचे दावे असतात. पुरावा म्हणून म्हाताऱ्यांचे जबाब लागतात आणि कचेरीत त्यांना दोन मिनिटांत गुंडाळतात. “मुद्द्याचं बोला, आजी.” मी त्यांना आमच्या पडवीत बसवते. मोबाईल पालथा ठेवते. त्यांच्या बोलीतलं मला सगळं कळतं असं नाही. गेल्या महिन्यात एक आजी तासभर बोलली आणि एका वळणावर तिनं झाडांची नावं घ्यायचं सोडून दिलं. मी विचारलं, आजी, इथं काय झालं? तिथं तिची झोपडी जाळली होती. दाव्याच्या कागदांत तिचं घर कधी आलंच नव्हतं.

तुमचा तो काड्यांचा कागद माझ्याकडे आहे. निघताना मी मागून घेतला होता, तुम्हाला बहुतेक आठवत नसेल. आजोबांच्या सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत एकाच फाईलमध्ये ठेवलाय. पेन्सिल पुसट होत चालली आहे, पण मोजता येतात.

तुमच्या मुलीशी बोलणं झालंय. रविवारी नको, मला माहीत आहे. सोमवारी आमच्या संध्याकाळी साडेपाचला, तुमच्या दुपारी बाराला, मी फोन लावते आणि हे पत्र पहिल्यापासून मोठ्यानं वाचते. पेन्सिल जवळ ठेवा, सर.

तुमची विद्यार्थिनी