बालवर्गातला वसंत बाजारातून कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी सरत आला की बालवर्गातल्या मुलांच्या पालकांना मोबाइलवर एक ठरावीक निरोप येतो. यंदा तो माझ्या साडेचार वर्षांच्या नातीच्या शाळेतूनही आला. वर्गात 'स्प्रिंग' सजावट करायची असल्याने गुलाबी क्रेप कागद, दोन रंगांची फोम शीट, चमकी, चिकटवायचे डोळे आणि सहा फुलपाखरे सोमवारपर्यंत पाठवावीत, असे त्यात लिहिले होते. सूनबाई नोकरीवरून आल्यावर रात्री साडेअकरापर्यंत कात्री घेऊन बसली होती आणि जिच्यासाठी हा खटाटोप चालला होता ती केव्हाच झोपली होती. शाळेचे किंवा शिक्षिकेचे नाव येथे लिहिण्याचे कारण नाही, कारण हा अनुभव एका शाळेपुरता राहिलेला नाही.

पुढच्या आठवड्यात वर्ग पाहायला पालकांना बोलावले होते. एका भिंतीवर छताला टेकेल एवढे चेरीचे झाड, त्याला गुलाबी कागदी फुले, खाली ट्यूलिपची रांग, दोन ससे आणि या सगळ्याच्या मागे थर्माकोलचे ढग. खाली पाटी होती, 'हात लावू नये'. "यातले तुझे कोणते?" असे मी नातीला विचारले, तेव्हा तिने मान मागे टाकून एका फुलपाखराकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "ते आईनं केलंय, आजी." सकाळी येताना तिने रिक्षाच्या थांब्यावरून पळसाचे एक फूल उचलून आणले होते आणि ते पोपटाच्या चोचीसारखे बोटावर अडकवून ती सगळ्यांना दाखवत होती. वर्गात शिरताना ते केराच्या डब्यात गेले, कारण नुकतीच फरशी पुसलेली होती.

जपानमधल्या मुलांनी चेरीचा बहर काढावा, हॉलंडमधल्या मुलांनी ट्यूलिप काढावेत. त्यांच्या दारात ते फुलते. आमच्या वर्धा जिल्ह्यात फाल्गुनात पळस पेटलेला असतो, काटेसावरीखाली जाड पाकळ्यांच्या लाल फुलांचा सडा पडतो, कुसुमाच्या झाडाला तांबडी कोवळी पालवी फुटते, आंब्याच्या मोहोराचा वास रस्त्यापर्यंत येतो आणि चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले टपटपू लागतात. बहावा पिवळा होतो तोवर शाळांना सुट्ट्या लागायच्या बेतात असतात, म्हणून तो सोडून देऊ. एवढा ऐवज फाटकाबाहेर पडलेला असताना मुलांनी वसंत म्हणून गुलाबी क्रेप कागद ओळखावा, हे माझ्यासारख्या २७ वर्षे बालवाडी चालवलेल्या बाईला खटकते.

आमच्या बालवाडीत फाल्गुनातले काम आदल्या दिवशी दुपारी सुरू होई. मुले ओंजळीने पळसाची फुले आणत, ती मोठ्या पातेल्यात मोजून टाकत (मोजणी वीसच्या पुढे कधी नीट गेली नाही) आणि मी त्यांच्यावर कढत पाणी ओतून रात्रभर झाकून ठेवी. सकाळी झाकण काढले की केशरी पाणी पाहून दरवर्षी तोच एक चीत्कार ऐकू येई. थोडे पाणी वेगळे काढून त्यात मी स्वतः चिमूटभर चुना टाकला की रंग गडद होई आणि मग दोन वाट्यांत दोन रंग मिळत. जुन्या धोतराचे तुकडे, भेंडी आडवी कापून केलेले ठसे आणि मुलांचे अंगठे, एवढ्यावर आमची भिंत सजे. कागद चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ असे. तिला कधी मुंग्या लागत आणि मग तासभर सगळा वर्ग मुंग्यांमागे जाई, पण तेही शिकणेच होते. आठवडाभरात उन्हाच्या बाजूचे कापड फिके पडे. ते का फिके पडले आणि कपाटातले का नाही, हा प्रश्न मुलांनीच काढला. मी काढला असता तर त्याचा पाठ झाला असता.

एका वर्षी एका मुलाने कोळशाने काळ्या फांद्या काढल्या, त्यांवर पळसपाण्याचे ठिपके दिले आणि एकही पान काढले नाही. पाहायला आलेल्या त्याच्या आईने, "पाने राहिली की रे" असे म्हटल्यावर तो तिच्याकडे दयेने पाहून म्हणाला, "त्याला आत्ता पानं नसतात." पळस कोकणात गेला तरी त्याची तीन पाने चुकत नाहीत, ही म्हण आपण सगळेच वापरतो, पण ऐन फुलोऱ्यात ती तीनही बहुतेक गळालेली असतात, हे त्या पोराने पाहिले होते.

यात माझे नवे काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर काम करताना पाने, फुले, खडे, शिंपले आणि बिया यांचीच साधने केली. आताच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यातही स्थानिक साहित्य वापरावे आणि वर्गातली मांडणी मुलांच्या नजरेच्या उंचीवर असावी, हेच सांगितले आहे. साडेचार वर्षांच्या मुलाची नजर जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवर असते. चेरीचे झाड छताला लागते ते पालकांसाठी आणि फोटोसाठी. थर्माकोलबद्दल तर शाळांनी विचार करायलाही जागा नाही, कारण सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरीही ते दुकानात मिळते आणि बालवर्गात पोहोचते.

शिक्षिकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. तुटपुंज्या पगारात पस्तीस मुले सांभाळणाऱ्या बाईकडून दर महिन्याला वेगळी 'थीम' आणि तिचे फोटो मागितले जात असतील, तर ती तयार माल मागवणारच. मात्र झाडाखालचे सामान वापरायचे तर जाणत्या माणसाची नजर हवी, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. कण्हेर आणि रुई यांना मुलांचे हात लागू देऊ नयेत. गुंजेच्या लाल-काळ्या बिया कितीही देखण्या दिसल्या तरी त्या विषारी असतात, त्या वर्गात नकोतच. लहान बिया मुले नाकात घालतात, म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलांना फक्त फुले, पाने आणि मोठ्या शेंगा द्याव्यात.

यासाठी शिक्षण खात्याने परिपत्रक काढावे, अशी मागणी मी करणार नाही. परिपत्रक निघाले की त्याच्या अंमलबजावणीचा एक सजवलेला तक्ता भिंतीवर लागेल, एवढेच होईल. मुख्याध्यापकांनी पालकांना पाठवायची यादी एक वर्ष बंद ठेवावी, भिंतीवर तीन फुटांवर एक सुतळी बांधावी आणि तिच्यावर मुलांनी केलेले, वाकडे असेल तर वाकडेच, लावावे. ते पंधरा दिवसांनी काढून ज्याचे त्याच्या घरी द्यावे.

नातीच्या शाळेच्या फाटकाजवळचा पळस अजून आठ-दहा दिवस तरी फुले ढाळील. तो सडा मावशी रोज सकाळी शाळा भरण्याआधी झाडून घंटागाडीत टाकतात. तो उद्यापासून टोपलीत भरून बालवर्गाच्या ओट्यावर ठेवावा, अशी विनंती मी त्या शाळेला लेखी केली आहे आणि इतर शाळांना आपल्या वृत्तपत्रातून करीत आहे.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, वर्धा