लाइनवर निघण्याआधी

पुणे, 9 नोव्हेंबर

ती. नाना आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तीनदा सांगायला घेतलं, तिन्ही वेळा आईने "जेवली का वं?" विचारलं आणि राहूनच गेलं. म्हणून लिहितेय. मी नोकरी सोडली. मागच्या शुक्रवारी शेवटचा दिवस झाला. दादाला माहीत होतं, पण त्याला बोलू नका, मीच त्याला शपथ घातली होती.

रागाच्या भरात नाही सोडली. दोन वर्षं शनिवार-रविवार शो करून सोमवारी स्टेशनवरून थेट ऑफिस गाठलं. आता बँडचा महिनाभराचा दौरा ठरलाय. गुवाहाटी, शिलाँग आणि हॉर्नबिल उत्सवाच्या दिवसांत, म्हणजे 1 ते 10 डिसेंबरला, कोहिमा. एवढी रजा कोण देणार? आठ महिन्यांचा खर्च बाजूला काढलाय, आल्यावर शिकवण्या आहेतच. तुम्ही दोघं कंपनीच्या विम्यात होतात ना, म्हणून राजीनामा द्यायच्या आधीच तुमची वेगळी पॉलिसी घेतली. कार्डं दादाकडे आहेत.

नाना, तुम्ही गार्डाची पेटी चढवून इटारसीला जायचात, तेव्हा आई गाडीची वेळ टळली की दाराशी येऊन उभी राहायची. ते मी विसरले नाही. माझंही तसंच आहे, मीही लाइनवर चाललेय. मोठे ड्रम शोच्या जागी मिळतात. स्नेअर (छोटा ड्रम), सिंबल (झांजा) आणि किकचं, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं, पेडल मात्र प्रत्येकाने आपलं न्यायचं. माझ्या पेटीला कुलूप तुमचंच आहे, ते जुनं पितळी.

आणि आई, तू दिवाळीत जी निळी गोधडी शोधत होतीस ती माझ्याकडे आहे. घडी करून किक ड्रमच्या पोटात ठेवते. ती नसली की आवाज नुसता घुमत राहतो, ती आत असली की ठोका कसा गच्च बसतो. कुठे उसवलेली नाही गं.

नाशिकला ऐन गाण्यात लाइट गेली ते मी तुम्हाला सांगितलंच नाही. गिटार गेली, बेस गेला, माइक गेला, लय धरायला माझ्या कानात टिकटिकतो तो क्लिकसुद्धा बंद. ड्रमला वीज लागत नाही. अंधारात हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, कुठे आहे ते हाताला माहीत असतं. तीन-चार मिनिटं मी एकटीच वाजवत होते आणि समोरचे लोक टाळ्यांनी ठेका धरून होते. लोडशेडिंगमध्ये मी पिठाचा डबा बडवायचे आणि नाना, तुम्ही खाटेवरून म्हणायचात, "वाजव, पण लय सोडू नको." नाही सोडली.

तिथे डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधार पडतो, पण मी एकटी कुठे जाणार नाही. साउंड बघणारी मुलगी माझ्याच खोलीत आहे. अंघोळीला गरम पाणी आहे का, ते विचारूनच खोल्या घेतल्यात. नागालँडमध्ये जायला लागतो तो परवाना, इनर लाइन परमिट, तोही काढून झाला. ड्रमजवळ आवाज 100 डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानाच्या मापाचे प्लग करून घेतलेत, सरावालाही घालते. नाना, तुमच्या डाव्या कानाचं झालं ते मी पाहिलंय.

आता ऐका. मोतीबिंदूचे थेंब ठरल्या वेळेला घालायचे, "आता दिसतंय" म्हणून बंद करायचे नाहीत. आई, साखर उपाशीपोटी तपासायची आणि आकडा वहीत लिहायचा, अंदाजे नाही. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही.

25 तारखेला आझाद हिंदने निघतोय. भुसावळला गाडी मध्यरात्र उलटल्यावर येते. थंडीत स्टेशनवर यायचं नाही, दोघांनीही.

तुम्ही ऐकणार नाही, माहीत आहे. निदान दादाच्या गाडीने या, नाना मफलर बांधा. फलाट कुठला ते तुम्हाला माझ्याआधी कळेल. आणि आई, भरीत नको, डब्यातून तेल सुटतं. बिबडे दे. सगळ्यांना पुरतील एवढे.

तुमची
छकू